डिपरवर

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे पावणेपाचला मेढ्यातून निघायचं,
सहाच्या आत साताऱ्यात, मशीनवर.
म्हणून सोमवारी संध्याकाळीच
बाबालाल मुलाणीच्या गॅरेजात ओम्नी लावली.

त्यानं टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं केलं.
आकडा पुरता बाहेर राहिला.
"मागचे दोन्ही गेलेत, वैनी.
उन्हात चालले. दवावर नाही चालायचे."
भिशी लागली होती मला गेल्या महिन्यात,
ती अशी दोन टायरांत गोल झाली.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी,
ती सोड्याच्या पाण्यानं धुतली,
वर व्हॅसलिन,
उललेल्या ओठांना लावावं तसं, एका बोटानं.

मामा पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून.
माकडटोपी, वर मफलर,
डाव्या हातावरच्या फिस्टुलावर उजवा तळवा.
आत घरघर चालू असते दिवसरात्र,
कुणी इंजिन बंद करायचं विसरल्यासारखी.
एकतीस वर्षं एसटी चालवली त्यांनी, महाबळेश्वर–सातारा.
वायपर असायचा, चालायचा नाही.
तंबाखू ओली करून काचेवर चोळायची
आणि केळघर घाट उतरायचा,
मागं पन्नास माणसं झोपलेली.

"पिवळे बल्ब टाक रे. पांढरा उजेड धुक्यात आंधळा."
"टाकले, मामा."
"हँडब्रेक ओढून बघ."
"बघितला."
"परत बघ."

हीटर या गाडीला नाहीच.
काचेला आतून वाफ धरते, मामा बोलत असतात ना.
त्याला उपाय डॅशवर ठेवलेला:
बटाट्याची फोड, जुन्या बनियनचं फडकं.

मग बाबालालनं रेडिएटरचं झाकण काढलं,
हिरवं कूलंट पाण्यात मिसळून ओतत राहिला.
मग वायपरची बाटली.
तांब्याभर. अजून तांब्याभर.
मामा बघत होते.

त्यांना दिवसाला अर्धा लिटर, चहा-आमटी धरून.
सकाळी मी खुणा केलेल्या बाटलीत भरून ठेवते,
रात्री तळाशी दोन घोट राखलेले असतात,
झोपेत घसा सुकला तर, म्हणून.

पाणी काठाला आलं, सांडलं,
ऑइलच्या मातीत चकाकत पसरलं.
मामांचा कंठ वर गेला, खाली आला.
कुणी काही बोललं नाही.
टपरीवरचं पोरगं चहा घेऊन आलं,
बाबालालनं त्याला नजरेनंच परत धाडलं.

"मागं तांबडं रेडियम लाव," मामा म्हणाले, "थाळीएवढं.
उसाच्या ट्रॉल्यांना नसतंय काही.
आपल्याला तरी असूं दे."

पहाटे पहिल्याच चावीला लागली गाडी.
कण्हेरच्या पाण्यावरनं धुकं उठून रस्त्यावर बसलं होतं,
मी घाबरून अप्पर मारला,
समोर नुसती भिंत, दुधाची.
"डिपर," मामा म्हणाले. "डिपरवरच राहा.
डावीकडची पांढरी पट्टी धर. आता मोरी येईल."
मोरी आली.
"आता बाभळ."
आली.
"थांब."

मला काहीच दिसलं नव्हतं.
त्यांनी काच खाली केली, टोपी कानावरनं सरकवली.
कुणीतरी खोकलं, अगदी जवळ.
मग एक विडी लाल झाली, छातीच्या उंचीवर.
तिच्यामागं ऊस, डोंगराएवढा,
दोन ट्रॉल्या, पंक्चर, रस्त्याच्या मधोमध.
त्या विडीशिवाय मागं एक दिवा नव्हता.

हळूच बगल देऊन पुढं आले.
हात थरथरत होते, स्टिअरिंगला कळत होतं.
मामा त्या माणसाला शिव्या देत राहिले,
बारीक आवाजात, पार साताऱ्याचे दिवे दिसेपर्यंत.

चाकानं उडवलेला चिखल काचेवर वाळला होता.
मी बटण दाबलं, पाणी उडालं,
वायपरनं एक कमान पुसली.
पुन्हा दाबलं.
"बास," ते म्हणाले.
"पुरवून वापर."