लाडू वाणीची पेटी

पेट्यांवर पत्ते उठवणं हे माझं काम.
पत्र्याची अक्षरं, काळा रंग, दाढीचा जुना ब्रश.
उद्यमनगरच्या गल्लीत बसून
मी आजवर कुठंकुठं जाऊन आले,
पायात तीच चप्पल.

अबुरोक हे नाव पहिल्यांदा आलं तेव्हा
अक्षरांत ओ नव्हता, शून्यावर भागवलं.
गाव दोन देशांच्या शिवेवर,
बंदरापासून अकरा दिवस ट्रकनं,
पाऊस नसेल तर.
माल घेणाऱ्याचं नाव : लाडू वाणी.
सगळा कारखाना हसला.
मोल्डिंगचा बाजी म्हणाला, हा तर आपल्या गांधीनगरातला,
उधारी बुडवून पळालेला.

मग लाडूचे फोटो येऊ लागले.
तांबडी माती, मधोमध आपला हातपंप,
दांड्याला लोंबकळणारी तीन पोरं
आणि खाली एक ओळ :
बेअरिंग गेलं. चेन गेली. वॉशर पाठवा.
दिवसाला चारशे घागरी, एकदा त्यानं लिहिलं.
इलाही मिस्त्री वॉशर मोजताना
दोनचार जास्तच टाकायचा,
"लाडवाला वानवळा."

श्रावणात एक फोटो आला.
पंपाच्या टाकीला भोक.
खाली : नवी टाकी हवी.
एवढंच.
इलाहीनं फोन डोळ्यांपाशी नेला,
मोठा केला, लहान केला.
"ड्रिलचं भोक असं नसतं, ताई.
कडा आत वळल्यात."
लेथ मशीन चालू होतं. कुणी बंद केलं नाही.

शीव म्हटलं की मला कोगनोळीचा नाका आठवतो.
बहीण निपाणीला दिलीय.
एखाद्या नोव्हेंबरात एसटी नाक्यावरच थांबते,
कुणीतरी पाटीला काळं फासलेलं असतं,
आम्ही पिशव्या घेऊन पलीकडं चालत जातो,
पलीकडं दुसरी बस.
बहीण फोनवर, पोचलीस का गं,
मी चिडते, पोचणार नाही तर कुठं जाईन.
हे मी लाडूला एकदा लिहिलं होतं,
आमचीही शीव आहे म्हणून.
त्यानं हसरा चेहरा पाठवला.
आता ते आठवलं की
ब्रश उगाच दोनदा धुते.

सोमवारची सुट्टी सोडून चार दिवसांत टाकी झाली.
जस्त चढवून आली तेव्हा
तिच्यात तोंड पुसट दिसत होतं.
पेटी ठोकली. पत्ता उठवला. या वेळी ओ होता.
इलाहीनं वॉशरची पुरचुंडी आत सरकवली.
मी लाडूला लिहिलं, निघतेय.
एकच खूण उमटली, करडी.
पुन्हा लिहिलं. तीही करडी.

ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, तिकडचा रस्ता बंद,
माल घेत नाही.
मालकांनी वहीत 'थांबला' लिहिलंय.
बाजी आता लाडू वाणी म्हणत नाही,
'तो गडी' म्हणतो.
परवा भट्टीसमोर मधेच म्हणाला,
चारशे घागरी आता कुठं भरत असतील गं?
एकोणीसच्या पुरात पंचगंगा आमच्या दारात होती
आणि प्यायचं पाणी टँकरनं.
कळशी घेऊन मी दोन तास उभी होते.
दोन तास.
त्याचं मी अजून सांगत असते लोकांना.

पेटी दाराशीच आहे.
चहाच्या सुट्टीत पोरं तिच्यावर बसतात,
पत्त्याची अक्षरं मांड्यांखाली झिजायला लागलीत.
मी उभ्यानंच पिते.