पिवडीचा डबा

मे महिन्यात सोलापुरात देवळातली फरशीसुद्धा तापते.
नायना शिडीवर, मी शिडी धरून.
जैन मंदिराच्या भिंतीवर पोपडे धरलेलं चित्र:
विहिरीत लोंबकळणारा माणूस, मुठीत वडाची पारंबी,
ती कुरतडणारे उंदीर, एक काळा, एक पांढरा,
खाली आ वासलेले साप,
वर बुंध्याला धडका देणारा हत्ती,
आणि पोळ्यातून निसटलेला मधाचा एक थेंब.
बाजूला विमान. त्यातून हात पुढे करून
कुणीतरी म्हणतंय, चल.

नायना, म्हणजे मल्लेशम येमूल, साखर पेठ.
आधी सिनेमाचे बोर्ड, मग विडी बंडलांची लेबलं,
तीही छापखान्यात गेल्यावर देव.
हे देव आमचे नव्हेत. "भिंत ती भिंतच," म्हणायचे
आणि आंघोळ केल्याशिवाय ब्रशला शिवायचे नाहीत.

हत्ती दोन दिवसांत झाला. साप एका दुपारीत.
थेंबाला नऊ दिवस.
पुसायचे, पुन्हा ठेवायचे,
खाली उतरून डोळे बारीक करायचे:
"उजेड आतून यायला पायजे."

कोठडिया शेठ बघून गेले.
"मल्लेशम, मध जरा उतरव.
लोक विमानाकडं बघायचेच नाहीत."
नायना वरूनच म्हणाले,
"मध फिका केला, तर हा माणूस नुसता येडा दिसंल, शेठ."
शेठ गप्प. दारातून एकदा वळले,
तेव्हा त्यांनीही थेंबच पाहिला.

घरी अम्मा, मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं.
डॉक्टरांनी नायनांची साखर तोडलेली.
ती त्यांच्या चहाचा पहिला घोट
स्वतः घेऊन बघायची.

ते गेल्यावर रंगांचे डबे मी उघडले.
नीळ, दगड झालेली.
काव, अर्धी.
पिवडीच्या डब्यात कागद,
कागदात गुळाचा खडा,
दातांच्या खुणांसकट.

दुसऱ्या दिवशी देवळात गेले.
इतकी वर्षं मीही थेंबाशीच थांबले होते.
आता खाली पाहिलं.
लोंबकळणारा डावा पाय.
बोटं चार.
नायनांच्या पायाचं जे कापलं होतं, तेच नाही.

तोंड उघडं, थेंबाखाली.
डोळे मात्र विमानाकडे,
पुढे आलेल्या त्या हाताकडे,
आणि हात अजून
वीतभर लांब.

घरी अम्मानं विचारलं, डब्यांत काय निघालं?
म्हटलं, रंग.