हातचा एक

पावणेतीनला हानुसचा फोन: काटा बोलत नाही.
काटा म्हणजे धक्क्यावरचा वजनकाटा.
मग म्हणाला, बर्फाचं यंत्रही गप्प आहे,
लिलावाचा फलक काळा,
आणि कँटीनचं दार कार्ड ओळखत नाही
त्यामुळे कॉफी नाही.
हे शेवटचं तो सगळ्यात दुखऱ्या आवाजात म्हणाला.

सुदुरॉय बेटावर त्या रात्री वारा असा
की घराबाहेर पडायला दाराला खांदा लावावा लागला.

एकच सर्व्हर. त्याच्या पोटात सात आभासी यंत्रं,
एका छपराखाली सात बिऱ्हाडं.
बिऱ्हाडं शाबूत होती.
मोठ्या डिस्कांचे हिरवे दिवे मी दोनदा मोजले.
गेला होता तो कारभारी,
तळहाताएवढी सिस्टीम डिस्क,
जिच्यात आमचं असं काहीच नव्हतं,
ना एक मासा ना एक क्रोन,
फक्त कोण कुठे राहतं एवढी माहिती.
तेवढ्याने घरातली माणसं
घरातच बेपत्ता झाली.

नवी डिस्क सकाळच्या बोटीवर येणार होती,
आणि बोट येणार नव्हती.
हानुस काही न बोलता गेला
आणि वल्हवणाऱ्यांच्या क्लबातून
शर्यतींचे निकाल ठेवणारा कॉम्प्युटर
मुलाला उचलावं तसा कोटाखाली घेऊन आला.

इन्स्टॉलरने विचारलं, कोणती डिस्क पुसू?
किती अदबीने विचारतात ही यंत्रं.
माझं बोट कीबोर्डवर, आणि बोटाला कंप.
मी सगळं बंद केलं,
चारही मोठ्या डिस्का उपसून काढल्या,
टॉवेलवर ओळीने ठेवल्या,
पाठीवर मार्करने एक दोन तीन चार.
मग एकट्या उसन्या डिस्ककडे बोट दाखवून म्हटलं,
हिला पूस.

कोरी पाटी तयार व्हायला चाळीस मिनिटं.
डिस्का ज्याच्या त्याच्या खणात परत.
मी एकेक फाईल उघडून दाखवत गेले:
ही पगाराची, ही बर्फाची, हा लिलाव.
नवा कारभारी मान डोलावत गेला,
पण एकालाही बाहेरची वाट सापडेना.
सगळी यंत्रं एका तारेचं नाव पुकारत होती
जे आता कुणाचंच नव्हतं,
आणि मला दिसत होतं ते नुसतं
आकड्या-अक्षरांचं लांबलचक शेपूट.

पाच वाजता सामलला फोन केला.
हे सगळं त्याने उभं केलेलं. आता वृद्धाश्रमात असतो.
जागाच होता, जन्मभर चारला उठलेला माणूस.
तेर्ना, म्हणाला, माझ्या होडीचं नाव. पहिलं अक्षर लहान.
मी विचारलं, आणि या छोट्या डिस्कची नक्कल?
पलीकडे वारा ऐकू येत राहिला.
हातचा, म्हणाला, मी फक्त कागदावर धरायचो.

खरंच, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला
त्याच्या पेन्सिलीच्या बेरजा आहेत,
कॉड, हॅडॉक, पुन्हा कॉड,
आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर
बारीकसा एक, बारीकसा दोन.

पावणेसहाला काटा बोलला.
पहिली पावती हानुसने दिव्याखाली धरली:
चारशे बारा किलो, वेळ दोन एकतीस.
म्हणजे बिघाडाच्याही आधीची.
उसन्या घड्याळात अजून काही झालंच नव्हतं,
मी झोपले होते, हानुसला कॉफी मिळत होती.
क्षणभर वाटलं, राहू द्यावं तसंच.
मग घड्याळ पुढे केलं.

दार पिक म्हणालं. ओळखलं, हानुस म्हणाला,
आणि आत गेला.

मी सातही नावं, तारेचं नाव, छोट्या डिस्कची नक्कल,
सगळं एका पेनड्राइव्हवर घेतलं
आणि बर्फघरात किल्ल्यांच्या खिळ्याला टांगलं.
सामलच्या बेरजेशेजारी पेन्सिलीने बारीकसा एक काढला.

दोन कप घेऊन हानुस परतला तेव्हा म्हणाला,
रविवारी शर्यत आहे.
तोपर्यंत ती डिस्क परत लागेल.