शेरा

सी विंग, सातवा मजला, लिफ्ट बंद.
थुंकीच्या डब्या पिशवीत, पिशवी खांद्याला.
चौथ्या मजल्यावर मी दरवेळी थांबते,
कुणी विचारलंच तर सांगते, नंबर शोधतेय.

वैजयंता दार उघडते ते दिवा लावूनच.
सकाळचे साडेदहा.
बाहेर बिबवेवाडी फुटाण्यासारखी तडतडतेय,
आत ट्यूबलाइट, आणि भिंतीवर ओल,
जिला धाकट्यानं पेन्सिलीनं कान काढलेत, शेपूट काढलंय.
हत्ती आहे म्हणे. दर महिन्याला मोठा होतो.

"खिडकी उघडत जा," मी म्हणते. म्हणायचं असतं.
ती उघडते.
समोर बी विंग.
हात बाहेर काढला तर बोटं टेकली
पलीकडच्या गजांना.
"सोयीचं आहे," ती म्हणते,
"कढीपत्ता मागायला खाली उतरावं लागत नाही."
आणि मग, थोड्या वेळानं,
"रात्री खोकला ऐकू येतो.
माझा की त्यांचा, ते उठून बसल्यावर कळतं."

वर ओट्यावर होती तेव्हा पत्र्याचं घर.
वारा न विचारता आत,
पाणीही न विचारता.
पहाटे चारला टमरेल, रांग, सोबतीला पोरगी.
मी बोलून गेले, तिकडंच बरं होतं का गं?
ती बघत राहिली.
उठली, मोरीचं दार उघडलं :
पांढरी फरशी, आतून कडी.
"ताई, ही कडी बघा."
मी बघितली.
तो प्रश्न पुन्हा कुणालाच विचारला नाही.

पण वजन सदतीस.
दोन महिन्यांत अर्धा किलो.

इमारतीच्या कागदांत चटईक्षेत्र म्हणून काही असतं.
हिच्याकडे चटई एक, माणसं पाच.

गच्चीला कुलूप. किल्ली चेअरमनकडे,
चेअरमन मार्केट यार्डात, कांद्याच्या गाळ्यावर.
रात्री आठला येतो. येताना ऊन आणत नाही.
म्हणून ती शेवटच्या जिन्यावर बसते,
गच्चीच्या दाराच्या फटीपाशी.
तिथं ते येतं, बोटभर रुंद,
आधी पायरीवर, मग तिच्या पावलांवर,
मग जातं.
गोळ्या तिथंच घेते.
एकदा मोबाइल लावून मोजलं तिनं : अकरा मिनिटं.

कार्डावर रकाने आहेत.
वजन, थुंकी, साखर, गोळ्या चुकल्या का,
घरात माणसं किती.
खिडकी कशावर उघडते, हे कुणी विचारलेलं नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, चांगल्या अक्षरात.
केंद्रावर कॉम्प्युटरनं शेरा घेतला नाही.
"आकडा टाका," गायधनी म्हणाले, "अक्षरं चालत नाहीत."
मी सांगितला : ११.
"अकरा काय?"
"मिनिटं."
त्यांनी मान वर केली नाही.
त्यांच्या मागं खिडकी आहे,
तिला फायलींचं कपाट लावलंय, मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून.
गायधनी खोकले. पुन्हा खोकले.

पिशवीतून एक डबी काढून
मी टेबलावर ठेवली.