चुन्यातली वीट

ओल्डममध्ये बीचक्रॉफ्ट मिल पाडतायत.
माझ्या लॅपटॉपवर ती कधीच पडून झाली आहे:
अकरा लाख विटा, ओळ चाळिसावी,
शेजारी कार्बनचा रकाना,
नवी वीट भाजतानाचा धूर किलोत मोजलेला.
जुनीच वापरली तर तिथे जवळजवळ शून्य.
मालकाला हे शून्य महाग वाटतं.
त्याने मला बेव्हकडे धाडलंय, मजुरीचा हिशोब लावायला.

बेव्ह एन्टविसल, वय बासष्ट,
उलट्या बादलीवर बसलेली, मांडीवर गोणपाट,
हातात बोथट छिन्नी.
एक टोला, आणि शंभर वर्षांचा राखमिश्रित चुना
ओल्या साखरेसारखा झडतो.
वीट मोकळी. एका अंगाला काजळी, बाकी कोरी.
दिवसाला चारशे.
विटांचा वीट येत नाही का, विचारणार होतो,
पण ही गंमत तिच्या भाषेत जाईना.
नुसतंच म्हणालो, "कंटाळा?"
"पावसात येतो," ती म्हणाली.
पाऊस पडतच होता.

मग अठ्ठावन्न सालची शेड आली, सिमेंटमधली.
छिन्नी लावली तर वीट मधोमध फुटली,
सांधा तसाच.
दुसरी. तिसरी.
"हे सोडत नाही," ती म्हणाली.
"विटेला घेऊन मरतं."
रस्त्याखालची खडी, मी रकान्यात लिहिलं.

आमच्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं.
जन्मभर तसंच बोललो.
इथे चुनाच काय तो सरळ निघाला:
धरतो,
भिंत हलली तर जरासा हलतो,
आणि मागायला गेलात तर वीट परत देतो.

विटेच्या पोटातल्या खळग्याला इथे बेडूक म्हणतात.
एका बेडकाच्या कडेला कुत्र्याचा पंजा होता,
ओल्या मातीवरून कुणीतरी हाकललेला,
धावतानाची चार बोटं.
मला वाटलं, ही ती बाजूला ठेवेल.
तिने चारशेतच मोजली.

संध्याकाळी आकडा निघाला: साठ टक्के वाचतात.
मालक चाळीसच ऐकेल.
निघताना तिने विचारलं, नवी भिंत कशात बांधणार?
सिमेंटमध्ये, म्हणालो. लवकर धरतं.
ती बराच वेळ छिन्नी पुसत राहिली.
"चुना लाव म्हणावं त्याला.
पुढे जी कुणी या बादलीवर बसेल
तिच्या शिव्या मला नकोत."

हे मात्र मी शब्दशः टिपून घेतलं,
मराठीत.