डावी कूस

योलिमाने बायबलमधून काढून दिलं कार्ड.
कडा पिवळ्या, मध्ये नऊ आकडी नंबर.
लुलोच्या सरबताची गाडी ढकलून साठवलेले पैसे,
चोविसाव्या वाढदिवसाची स्वतःलाच भेट.
अकरा वर्षं झाली.
तो दवाखाना आता चपलांचं दुकान आहे.

"दुखत नाही," ती म्हणते,
"फक्त डाव्या कुशीवर झोपलं
की कुणाचं तरी कोपर मध्ये येतं."

मी जेल लावते.
काली शहराच्या या उकाड्यातही ती दचकते.
पडद्यावर काठ दिसतो, एका जागी
चुरगळलेल्या चादरीसारखा.
पाहुण्याभोवती अंगाने भिंत घातलीय,
हळूहळू, कुणाला न विचारता.

दर दोन-तीन वर्षांनी दाखवून जा,
असं तिला कुणी म्हटलं होतं का?
म्हटलं असेल. भुलीतून उठताना
माणसाला फक्त पाणी हवं असतं.

"फुटलंय?"
मी डॉक्टर नाही.
एमआरआय लागेल, एवढंच सांगते.
ती बटणं लावते, एक चुकतं,
पुन्हा सगळी काढते.

मग भुवयांच्या पेन्सिलीने
कार्डाच्या पाठीवर तारीख लिहिते,
फुंकर मारते, जणू शाई ओली आहे,
आणि विचारते,
त्या मशीनमध्ये कानातलं चालतं का?
आईचं आहे. निघत नाही.