आधी पत्ता

लरविकमध्ये वारा इतका
की भिंतीपलीकडे काही आपटलं
तर इफी टुलॉक आधी वाऱ्यालाच बोल लावते.

गेल्या महिन्यात तिची सायकल गेली,
तेव्हा सकाळी चहा पिऊन तिने एकशे एक फिरवला.
पलीकडे पियानो वाजत राहिला,
तोवर तिचा अर्धा मोजा विणून झाला.
घाई नव्हतीच. सायकल गेली ती गेली,
संध्याकाळपर्यंत आणखी जाणार नव्हती.

आज रात्री भिंत दोनदा वाजली.
मग बाईचा आवाज,
मधेच तोडल्यासारखा.
मग काहीच नाही.

हे काहीच नाही तिच्या ओळखीचं.
चाळीस वर्षांपूर्वी, मासळीच्या कारखान्यामागच्या घरात
तोंडात टॉवेल दाबून तीही अशीच गप्प झाली होती,
आणि सकाळी शेजारीण म्हणाली होती,
काय गं वारा होता काल.

पण पलीकडे मॅग्नी राहतो,
बर्फ पडलं की न सांगता
हिच्या पायऱ्यांवर मीठ टाकणारा मॅग्नी.
पोलिसातला पोरगा हिच्या भाच्याच्या वर्गातला.
गाव एवढंसं. आणि चुकलंच आपलं तर?

लोकर मांडीवरून घरंगळत
कपाटाखाली गेली.
तिने नऊ दाबला. परत नऊ. परत.

माफ करा हं, ती म्हणाली, तसं काही नसेलही,
म्हणजे तो मुलगा चांगला आहे तसा, त्याची आई आणि मी...
आधी पत्ता सांगा, पलीकडची बाई म्हणाली,
दूर मुख्य भूमीवरून, न चिडता.
पत्ता असला की फोन तुटला तरी दार सापडतं.

इफीने पत्ता सांगितला.
स्वतःचा नाही, शेजारचा.
सांगताना जीभ जड झाली.

पाहिलंत का काही?
नाही. ऐकलं फक्त.
मग ऐकलेलंच सांगा.
वाराही असेल, इफी म्हणाली.
वारा वाटला असता तर फोन केला असतात?

खिडकी हादरत होती.
नाही, इफी म्हणाली.

बरं. गाडी निघाली आहे. तुम्ही दार वाजवायला जाऊ नका,
आणि फोन ठेवू नका.
इफीने ठेवला नाही.
दोघी बायका, मधे समुद्र,
एकमेकींचा श्वास ऐकत बसल्या.
सायरन नव्हता. फक्त गाडीचं दार,
जिन्यावर बूट,
आणि कुणीतरी मॅग्नीला पूर्ण नावाने हाक मारली.

पहाटे बर्फ पडलं.
पायऱ्यांवर मीठ नव्हतं.
कठडा धरून,
एकेक पायरी चाचपत
इफी ब्रेड आणायला उतरली.